ढालीआड, लोकरीआड

1773 साली कॅप्टन जेम्स कुकने क्वीन शार्लट साउंडच्या काठावर एक एडका आणि एक मेंढी उतरवली. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचं हे वरचं टोक. इथे समुद्र डोंगरांच्या घड्यांमध्ये खोलवर शिरला आहे. केप ऑफ गुड होपपासून जहाजावर जपून आणलेली ती जोडी थोड्याच दिवसांत मेली. काहीतरी विषारी पाला खाल्ला असावा, असा कुकचा तर्क होता. त्याच वर्षी त्याच परिसरात त्याच्या मोहिमेने डुकरंही सोडली. ती मात्र टिकली, वाढली. पुढे देवमासे मारणारे खलाशी आले, वसाहतवाले आले, त्यांचीही डुकरं रानात सुटली. आज तिथल्या रानडुकराला लोक ‘कॅप्टन कुकर’ म्हणतात. मेंढ्याही नंतर आल्याच. एकोणिसाव्या शतकातल्या मेरिनो कळपांमधून काही निसटल्या आणि कडेकपारीत पिढ्यान्‌पिढ्या माणसाशिवाय जगून पुरत्या रानटी झाल्या.

वेलिंग्टनहून पिक्टनला जाणारी बोट टोरी चॅनलमध्ये शिरली की उजव्या हाताला अरापाओआ बेट लागतं. जुन्या नकाशांत ते ‘अरापावा’ आहे. उतारावर गवत, घळींमध्ये गच्च झाडी. त्या गवतावर काळसर तपकिरी, वळलेल्या शिंगांचे रानटी एडके चरतात आणि झाडीत डुकरं राहतात. ही दोन जनावरं एकाच डोंगरावर, एकाच शिकाऱ्याच्या टप्प्यात येतात. दोघांसाठी गोळी मात्र वेगळी लागते. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘निवड’ हा विषय दिला, तेव्हा मला याच निवडीबद्दल लिहायचं होतं. मी शिकारी नाही. पण मारायचं ठरलेलं जनावर किती लवकर आणि किती कमी यातनांत मरेल, हे बरंचसं दुकानात काडतुसांचं खोकं उचलताना ठरून जातं, हे मला कळलं होतं. ते नेमकं कसं ठरतं ते मला पाहायचं होतं.

उभी कापलेली गोळी

माझा वाटाड्या सांगलीकडचा. द्राक्षबागेतलं काम शिकलेला, आणि हा मार्लबरो भाग म्हणजे न्यूझीलंडचा सगळ्यांत मोठा द्राक्षपट्टा, म्हणून इथल्या ब्लेनिमला येऊन राहिलेला. शेजारच्या मेंढपाळ शेतकऱ्याबरोबर तो डोंगरात जायला लागला आणि रीतसर परवाना काढून शिकारी झाला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पकडीच्या बाकावर त्याने काही गोळ्या करवतीने उभ्या कापून ठेवल्या होत्या.

‘‘काका, गोळी मोठी की बारीक, हा प्रश्नच न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘आत शिरल्यावर ती काय करणार, हे बघायचं.’’

कापलेला अर्धा भाग मी चिमटीत धरून पाहिला. बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण, आत करडं, मऊ शिसं. टोकाकडे आवरण कागदाइतकं पातळ आणि बुडाकडे जाडजूड. टोकाला शिसं थोडं उघडं सोडलेलं. जनावराच्या अंगात शिरताना पुढचं शिसं दबतं, पातळ आवरण फाटून मागे उलटतं आणि साडेसात-आठ मिलिमीटर व्यासाची गोळी दीडपट-दुप्पट रुंद होते. ही रुंद झालेली गोळी फुप्फुसातून गेली की रक्तदाब झपाट्याने कोसळतो आणि जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपतं. आवरण किती पातळ, शिसं किती मऊ, दोन्ही एकमेकांना चिकटवलेली आहेत की नुसती बसवलेली, यावर ही उलटण्याची क्रिया चामडीतच होईल, फुप्फुसात होईल की होणारच नाही, ते ठरतं.

गोळ्यांचं वजन सगळीकडे ग्रेनमध्ये मोजतात. हे माप आपल्या आजीच्या पेटीतलंच आहे. ब्रिटिशांनी ठरवून दिलेला तोळा बरोबर 180 ग्रेनचा होता. म्हणजे .308 रायफलची 180 ग्रेनची जड गोळी एक तोळा भरते, आणि 150 ग्रेनची, जी इथे सर्रास वापरतात, ती दहा मासे. सोन्याच्या या वजनांनी मोजायला लागल्यावर माझा सगळा हिशेब सोपा झाला. ससे मारायला वापरतात त्या .223 रायफलची 55 ग्रेनची गोळी चार माशांचीही नसते. नळीतून निघताना मात्र ती सेकंदाला हजार मीटरच्या जवळपास धावते. दहा माशांची गोळी सेकंदाला साडेआठशे मीटरच्या आसपास सुटते.

वेग जास्त म्हणजे मारा जास्त, असं नवख्याला वाटतं. ही हलकी गोळी पातळ आवरणाची असते आणि लागताक्षणी फुटून जावी अशीच बनवलेली असते. सशासाठी ते योग्यच. मोठ्या डुकराच्या फऱ्यावर तीच गोळी मारली तर ती वरच्यावर फुटते, तळहाताएवढी उथळ जखम करते आणि जनावर झाडीत पळून जातं. पुढे ते कधी मरेल, मरेल की नाही, कुणालाच कळत नाही.

डुकराची ढाल

वयात आलेल्या नराच्या खांद्यावर आणि पुढच्या बरगड्यांवर, कातडीखाली, चिवट तंतूंचा एक जाड थर असतो. शिकारी त्याला ढालच म्हणतात. नर एकमेकांशी खांद्याला खांदा लावून, सुळ्यांनी उभे वार करत झुंजतात. ते वार झेलण्यासाठीच ही ढाल. वयाबरोबर ती जाड होत जाते. वाटाड्याने वाळवून ठेवलेला एक तुकडा दाखवला. सुरीचं पातं त्यात दाबलं तर अडकून बसतं. वर राठ केस, त्यांत वाळलेला चिखल आणि पाइनचा चीक.

ही ढाल गोळी अडवते, अशी दंतकथा सगळीकडे ऐकू येते. नीट बांधणीची शिकारी गोळी ती अडवू शकत नाही. अडचण वेगळी आहे. मऊ गोळीचं उलटणं ढालीतच उरकतं आणि फुप्फुसापर्यंत पोचायला जोर उरत नाही. तिथे हाडाचा सांधा आडवा आला तर आणखीच वाईट. त्यात डुकराची चरबी जखमेचं तोंड बुजवते, राठ केस रक्त शोषून घेतात, जमिनीवर थेंब पडत नाहीत. माग काढणाऱ्याला हातातल्या बॅटरीच्या उजेडात नेच्याच्या पानांखाली काही दिसत नाही.

अंतराचं गणित मला सगळ्यांत अनपेक्षित होतं. मानुका, गॉर्स आणि नेच्याच्या गचपणात डुक्कर दिसतं तेच वीस-तीस मीटरवर. एवढ्या जवळून मारणं म्हणजे गोळीला सोपं काम, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात जवळचा मारा गोळीची जास्त परीक्षा घेतो. नळीतून नुकती निघालेली गोळी पूर्ण वेगात असते, आणि पूर्ण वेगात चिवट अंगावर आदळली की तिच्या चिंधड्या होण्याचा धोका सर्वाधिक. म्हणून डुकरासाठी जड आणि न फुटणारी गोळी लागते. .308 मध्ये 165 किंवा 180 ग्रेनची. शिसं आवरणाला वितळवून जोडलेली असावी, मधे तांब्याची आडभिंत असावी, नाहीतर सबंध गोळीच तांब्याची असावी.

आडभिंतीची गोळी अशाच एका फसलेल्या नेमातून जन्माला आली. 1946 साली जॉन नोस्लर हा अमेरिकी शिकारी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूस या भल्यामोठ्या सांबरवर्गी प्राण्यावर गोळ्या झाडत होता. मूसचा खांदा चिखलाने माखलेला होता आणि गोळ्या वरच्यावरच फुटत होत्या. घरी येऊन त्याने एका गोळीत पुढे-मागे दोन कप्पे केले. पुढचा कप्पा उलटला तरी मधली भिंत मागच्या अर्ध्या भागाला शाबूत ठेवते आणि तो आत शिरत राहतो. 1948 मध्ये त्याची कंपनी उभी राहिली. ती गोळी अजून विकली जाते.

झाडीतून फांद्या तोडत जाणारी जड गोळी असते, हाही समज इथल्या जुन्या लोकांत पक्का आहे. अशी कुठलीच गोळी नसते. बोटाएवढ्या फांदीला घासली तरी जड गोळीही वाट सोडते. झाडीतून मारायचं नाही, मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचं, एवढंच त्यावर उत्तर.

आणि मारायचं कुठे? हरणाचा सराव असलेला माणूस इथे हमखास चुकतो. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतात. मान जवळपास नसतेच. पाठीवरच्या उभ्या केसांमुळे अंग आहे त्यापेक्षा उंच वाटतं. हरणासारखा खांद्याच्या मागे, अंगाच्या मध्यावर नेम धरला तर गोळी पोटात जाते. पोटात गोळी लागलेलं डुक्कर तासन्‌तास जिवंत राहू शकतं. तिरकं उभं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे जाणारी रेघ मनात ओढायची आणि त्या रेघेवर नेम धरायचा. ही रेघ लांब असते, ढाल, हाड, स्नायू सगळं ओलांडणारी. जड गोळी लागते ती याच्यासाठी.

दमदम

गोळी अंगात उलटली पाहिजे, ही कल्पना आपल्याकडच्या एका कारखान्यात वाढली. 1890च्या दशकात ब्रिटिश फौजेकडे नवी .303 रायफल होती. तिची पूर्ण आवरणाची गोळी सीमाप्रांतातल्या लढायांत माणसाच्या अंगातून आरपार जाई आणि माणूस चालत राही, अशी सैनिकांची तक्रार होती. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या दारूगोळा कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचं आवरण काढून शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार केली. तिच्या जखमा इतक्या भयानक होत्या की 1899च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असं घोषणापत्र निघालं.

शिकारीत मात्र न उलटणारी गोळी क्रूर ठरते. युद्धात माणूस जखमी होऊन बाजूला झाला तरी काम भागतं, आणि त्याला उचलून नेणारं कुणीतरी असतं. रानात आरपार बारीक भोक पडलेलं जनावर एकटं, हळूहळू मरतं. न्यूझीलंडचा याच्याशी थेट संबंध आहे. वटवाघळं सोडली तर या देशात मूळचा एकही जमिनीवरचा सस्तन प्राणी नव्हता. बाहेरून आणलेली हरणं जंगल ओरबाडू लागली तेव्हा सरकारने 1930पासून पगारी शिकारी नेमले. त्यांच्या खांद्यावर बहुधा लष्करी .303च असायची. शेपट्या मोजून हिशेब व्हायचा. त्या पिढीने रान अक्षरशः पायाखाली घातलं, आणि गोळीच्या टोकाबद्दल इथला माणूस आजही ज्या बारकाईने बोलतो ती सवयही मला त्या पिढीची वाटते.

उघड्या उतारावरचा एडका

अरापाओआच्या रानटी एडक्याचं प्रकरण नेमकं उलट. जनावर लहान, फार तर चाळीस-पंचेचाळीस किलोचं. पण ते उघड्या गवतावर, कड्याच्या तोंडाशी उभं असतं आणि माणसाचा वास आला की कडा उतरून दिसेनासं होतं. दोनशे मीटर म्हणजे इथे नेहमीचं अंतर. मोठ्या शिंगांना भुलून लोक मोठी गोळी आणतात. डुकरासाठीची तोळ्याची कडक गोळी दोनशे मीटरवर जाताना वेग गमावून बसते आणि एडक्याच्या पातळ बरगड्यांत तिला पुरेसा विरोधच मिळत नाही. ती न उलटता पलीकडे जाते. लोकरीत भोक दिसत नाही. एडका दोन पावलं चालतो, उभा राहतो, पुन्हा चरायलाही लागतो. शिकाऱ्याला वाटतं, नेम चुकला.

बहुतेक शिकारी गोळ्यांना उलटायला सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास वेग लागतो, अखंड तांब्याच्या काहींना त्याहून थोडा जास्त. .308ची 150 ग्रेनची गोळी तीनशे मीटरवर सहाशेच्या आसपास आलेली असते. म्हणजे रायफल त्यापुढेही ‘पोचते’, गोळी मात्र काम करेनाशी होते. एडक्यासाठी म्हणून मऊ टोकाची, लवकर उलटणारी, हलकी गोळी योग्य. .243ची 100 ग्रेन, 7 एमएम-08ची 140, किंवा .308चीच दहा माशांची. ‘‘डुकराला कडक, एडक्याला मऊ,’’ वाटाड्या म्हणाला, ‘‘आणि दोघांना मारणारी एक गोळी पाहिजे असंल तर दोघांपैकी एकावर अन्याय होणार.’’

लोकरीचं आणखी एक आहे. रानटी मेंढ्यांना कुणी कातरत नाही. जुनी लोकर अंगावर लोंबत राहते, काही झडते, काही गुंतते. त्यामुळे शरीराची खरी कड कळत नाही. दुर्बिणीतून दिसतो त्या आकाराच्या मधोमध नेम धरला तर तो वर जातो. पुढच्या पायाची मागची रेघ धरून खालच्या तिसऱ्या भागात मारायचं, हे वाटाड्याने माझ्याकडून कागदावर काढून घेतलं.

या बेटावरची सगळी रानटी जनावरं मारण्यासाठीच आहेत असं सगळ्यांना वाटत नाही, हेही सांगायला हवं. इथल्या रानटी शेळ्या संपवायची सरकारी मोहीम 1970च्या दशकात सुरू झाली, तेव्हा अमेरिकेतून येऊन बेटावर स्थायिक झालेल्या बेटी रो यांनी तिच्याविरुद्ध लढा दिला आणि पुढे त्या शेळ्यांसाठी अभयारण्य उभारलं. अरापावा मेंढी आणि शेळी या दोन्ही आता दुर्मीळ जाती मानल्या जातात. त्यामुळे कुठल्या जमिनीवर कुठला एडका मारायचा ही जमीनमालकाच्या परवानगीची बाब आहे, आणि तो कळप राखून असेल तर नाही म्हणतो. डुकरांचं तसं नाही. 1977च्या कायद्याने रानडुक्कर हे आवरायचं जनावर आहे. सरकारी संवर्धन क्षेत्रात परवाना फुकट मिळतो, वर्षभर. डुकरं कुरणं उकरतात, कोवळी कोकरं खातात, आणि या भागातल्या पॉवेलिफँटा नावाच्या मोठ्या, दुर्मीळ मांसाहारी गोगलगायी वेचून फस्त करतात.

मटणातलं शिसं

शिशाची गोळी उलटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेच्या बऱ्याच बाहेरपर्यंत उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत. एक्स-रेमध्ये मात्र चांदणं पडल्यासारखे दिसतात. 2008 साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामध्ये गरिबांना वाटायच्या हरणाच्या मांसात असे कण सापडले आणि ते वाटप थांबवायला सांगितलं गेलं. कॅलिफोर्नियाने 2019पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली, मुख्यतः कोंडोर गिधाडांसाठी. जखमी जनावर, टाकलेली आतडी गिधाडं खातात आणि शिसं त्यांच्या रक्तात जातं. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने आपली गिधाडं कशी संपवली ते आठवणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

न्यूझीलंडमध्ये रायफलच्या गोळ्यांवर अशी बंदी नाही. तरी हा सांगलीकर तांब्याकडे वळला आहे, कारण घरी लहान मुलगी डुकराचा खिमा खाते. अखंड तांब्याच्या गोळीच्या चार पाकळ्या उलटतात आणि वजन जवळपास सगळं शाबूत राहतं. ती बहुधा पलीकडून बाहेर पडते. त्याचा फायदा म्हणजे दोन भोकं, रक्ताचा माग स्पष्ट. तोटा म्हणजे पलीकडे दुसरं डुक्कर उभं असेल तर त्यालाही लागते. कळपातल्या डुकरावर मारताना हे आधी पाहावं लागतं. माझं मत विचाराल तर जे मांस घरात खायचं आहे त्याच्यासाठी तांबं. त्याच्या किमतीबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही.

घोडा ओढण्याआधी

इथे काडतुसांचं खोकं विकत घ्यायलाही परवाना दाखवावा लागतो. परवान्यासाठी सुरक्षेचा अभ्यासक्रम, परीक्षा, घरी येऊन मुलाखत, आणि घरच्या माणसाचीही वेगळी चौकशी. 15 मार्च 2019 रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये झालेल्या हत्याकांडानंतर बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुका सरकारने परत विकत घेतल्या आणि 2023पासून प्रत्येक बंदुकीची नोंदणी सुरू झाली. मुलाखतीला आलेल्या माणसाने बायकोला स्वयंपाकघरात बसवून वेगळे प्रश्न विचारले, हे वाटाड्या अभिमानाने सांगतो.

इथली बहुतेक डुकरं मात्र गोळीने मरतच नाहीत. कुत्रे डुकराला शोधून अडवतात, धरतात, आणि शिकारी सुरीने मारतो. कुत्रे भिडलेले असताना गोळी चालवणं म्हणजे आपलाच कुत्रा मारण्याची तयारी. कुत्र्यांना जाड छातीपट्टे घालतात, गळ्यात जीपीएस असतो. आम्ही एका घळीच्या तोंडाशी उभे होतो तेव्हा आत कुत्र्यांचं भुंकणं एका जागी स्थिर झालं. वाटाड्याने लगेच रायफल रिकामी केली, काडतूस खिशात टाकलं आणि सुरी काढून खाली गेला.

वरून मला भारतातली रानडुकरं आठवत होती. कोकणात, विदर्भात डुकरं एका रात्रीत भुईमूग आणि मका उलथून टाकतात. 2016 साली चंद्रपूरच्या रानडुकरांवरून केंद्रातले दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, जाहीरपणे भांडले. वाद झाला तो मारावं की मारू नये एवढाच. कशाने मारावं, हे कुणी विचारलं नाही. गावात त्याची उत्तरं ठरलेली आहेत: ठासणीच्या बंदुकीतले छर्रे, पिठाच्या गोळ्यात भरलेला गावठी बॉम्ब, शेताभोवती वीज सोडलेली तार. छर्रे डुकराच्या ढालीत अडकतात. बॉम्बने जबडा उडतो आणि जनावर उपाशी मरतं. तारेत वाघही गेले आहेत, माणसंही. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे आणि त्याला परवानगी द्यायची तर तिच्यासोबत हत्यार, गोळी आणि ते चालवायला शिकलेला माणूसही दिला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

पुन्हा कागदावर

एडक्यासाठी निघायचं ठरलं त्याच्या आदल्या दुपारी आम्ही शेजाऱ्याच्या कुरणात गेलो. गोळी बदलली की रायफलचा नेमही बदलतो. वजन वेगळं, वेग वेगळा, नळीचं थरथरणंही वेगळं. हे न करता लोक डोंगरात जातात, हे ऐकून मी चकित झालो. शंभर मीटरवर मातीच्या चढाला टेकवून कागद लावला. डुकराच्या कडक गोळ्यांवर बसवलेल्या दुर्बिणीतून त्याने मऊ 150 ग्रेनच्या तीन झाडल्या. तिन्ही भोकं एकमेकांना खेटून, पण ठिपक्याच्या तीन बोटं वर आणि थोडी डावीकडे. दुर्बिणीच्या चाकाची एक टिचकी शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटर सरकवते. त्याने टिचक्या मोजल्या, फिरवल्या, नळी निवू दिली आणि पुन्हा तीन मारल्या.

मग दोनशे मीटरवर. तिथे गोळी दहा-बारा सेंटिमीटर खाली आली. जमिनीवर पालथं पडून, पिशवीवर टेकवून मारलेल्या गोळ्या वीतभर जागेत होत्या. गुडघ्यावर बसून मारलेल्या नव्हत्या. त्याने खोक्याच्या झाकणावर पेनने लिहिलं: ‘एडका. पालथं पडून 200. बसून 100. पुढे नाही.’